वाटीत किती ग्रॅम?

दोस्तांनो, एक कोडं सोडवा पाहू! एक किलो रवा जड की एक किलो पोहे? फसलात ना? वजन सारखंच! पण डब्यात भरायला गेलात, तर पोह्यांना कितीतरी मोठा डबा लागेल.

हीच गंमत स्वयंपाकघरात घोटाळा करते. केकच्या कृतीत '२५० ग्रॅम मैदा' असं लिहिलेलं असतं आणि हाताशी असते फक्त वाटी! २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं, साखर साधारण २०० ग्रॅम, तर मैदा जेमतेम १२५ ग्रॅम. असं का? मैद्याच्या कणांमध्ये हवा दडून बसते. चाळलेला मैदा हलका भरतो, दाबून भरलेला जड. म्हणून कप तोच, पण केक एकदा मऊ, एकदा दगड!

पूर्वी धान्य मापानंच मोजत. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्यानं किलो आणि लिटर आले.

घरी तराजू नाही? सोपी युक्ती! अर्धा किलो मैद्याचा नवा पुडा घ्या. न दाबता वाटी भरा, वरून सुरीनं सपाट करा आणि मोजा. समजा, पाच वाट्या भरल्या, तर तुमच्या वाटीत १०० ग्रॅम मैदा. मग २५० ग्रॅमला? अडीच वाट्या!

साखर, रवा, बेसन यांचंही मोजा आणि तक्ता करून फडताळाच्या दारावर चिकटवा. वाटी मात्र तीच हवी हं!