खेळता खेळता विज्ञान



मागे एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या मेळाव्यात एक गुरुजी मला म्हणाले, "सर, विज्ञान शिकवा, विज्ञान शिकवा, असे सगळेच सांगतात. पण आमच्याकडे ना दुर्बीण, ना प्रयोगशाळा. आमच्या पोरांनी दुसऱ्यांनी लावलेले शोध पाठ करायचे, एवढेच ना?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आज द्यायचा प्रयत्न करतो.

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. गव्हाचे पोते निवडायचे असले म्हणजे एकटी बाई कंटाळते. पण शेजारच्या चौघी-पाचजणी सुपे घेऊन ओसरीवर बसल्या, की गप्पा मारता मारता पोते कधी रिकामे झाले ते कळतदेखील नाही. काम तेच, पण त्याचा जणू खेळ होतो. शास्त्रज्ञांनी नेमकी हीच युक्ती इंटरनेटवर योजली आहे.

आकाशात आपल्या आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका आहेत. काही भोवऱ्यासारख्या पिळाच्या, काही अंड्यासारख्या गुळगुळीत. अमेरिकेतील एका दुर्बिणीने त्यांतल्या सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे जमवली होती. आता त्यांचे प्रकार लावायचे कोणी? ऑक्सफर्ड येथील एका संशोधक विद्यार्थ्याने आठवडाभरात ५० हजार चित्रे डोळ्यांखालून घातली आणि हात टेकले! तेव्हा जुलै २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' नावाने ही चित्रे सर्वांसाठी खुली केली गेली. चित्र पाहायचे आणि सांगायचे : पिळाची की गुळगुळीत? पीळ उजवीकडे की डावीकडे? बस्स, एवढेच. वर्षभरात दीड लाखाहून अधिक लोकांनी पाच कोटींवर उत्तरे नोंदवली.

तुम्ही म्हणाल, अडाण्यांच्या उत्तरांवर भरवसा कसा ठेवायचा? रास्त शंका आहे. त्याचा उपाय असा, की एकच चित्र अनेकांना दाखवतात. एकाचे चुकले तरी बहुतेकांचे मत बरोबर उतरते. आणि चूक शोधायचीही रीत आहे. डाव्या पिळाच्या दीर्घिका जास्त भरू लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटवून पुन्हा दाखवली. तरीही लोकांचे बोट डावीकडेच जास्त वळे! म्हणजे दोष आकाशात नव्हता, माणसाच्या नजरेत होता. परीक्षण कसे करावे याचा याहून चांगला धडा वर्गात कोणता देणार?

याच खेळात, त्याच वर्षी, हॉलंडमधल्या हॅनी व्हान आर्केल या शाळामास्तरीण बाईंना एका दीर्घिकेजवळ विचित्र निळसर डाग दिसला. यादीत त्याला रकाना नव्हता. त्यांनी सरळ विचारले, "हे काय आहे?" तो निघाला वायूचा एक प्रचंड ढग. शेजारच्या दीर्घिकेच्या पोटातून एके काळी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळलेला होता. मूळ दिवा मंदावला, पण त्याचा उजेड ढगावर अजून दिसत होता. पुढे हबल दुर्बिणीनेही त्याचे छायाचित्र घेतले. त्या ढगाला आज 'हॅनीचे व्होरवेर्प' म्हणतात. डच भाषेत व्होरवेर्प म्हणजे वस्तू.

दुसरा खेळ 'फोल्डइट', सन २००८ चा, अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचा. आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांच्या माळा. ही माळ सुटी राहत नाही. ती दुमडून विशिष्ट आकार घेते, आणि त्या आकारावरच तिचे काम ठरते. तेलकट स्वभावाचे मणी आत दडतात, पाण्याची आवड असलेले बाहेर राहतात. खेळाडूने पडद्यावर ही माळ ओढायची, वळवायची, दाबून बसवायची. घडी जितकी नेटकी, तितके गुण जास्त. माकडांना एड्ससारखा रोग जडवणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचा आकार शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सापडत नव्हता. तो या खेळाडूंनी अवघ्या तीन आठवड्यांत सुचवला! २०११ च्या शोधनिबंधात लेखक म्हणून खेळाडूंच्या गटांचीही नावे आली. ज्याने काम केले त्याला श्रेय मिळाले, हे मला फार मोलाचे वाटते.

आता खरी अडचण सांगतो. यंत्रेही हे शिकू लागली आहेत. प्रथिनांचे आकार सांगण्यात २०२० साली 'अल्फाफोल्ड' या संगणकप्रणालीने मोठी मजल मारली, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच क्षेत्राला मिळाले. फोल्डइटमागचे डेव्हिड बेकर हे त्या मानकऱ्यांपैकी एक. दीर्घिका ओळखणारी यंत्रेही माणसांच्याच उत्तरांवरून शिकली. मग माणसाचे काम संपले का? मला तसे वाटत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र झटपट देते; पण कोणी न विचारलेला प्रश्न त्या मास्तरीण बाईंनी विचारला. ती जिज्ञासा जपणे हे शाळेचे काम आहे.

आणि हे सारे परदेशातच चालते असे नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिने टिपलेल्या नकाशांत वेगळ्या दीर्घिका शोधायला सामान्य विद्यार्थ्यांना शिकवणारा 'रॅड-ॲट-होम' हा भारतीय उपक्रम २०१३ पासून आहे.

तेव्हा गुरुजी, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : शाळेत एक मोबाइल किंवा एक संगणक असला, तर आठवड्यातून एक तास पुरे. 'झूनिव्हर्स' या ठिकाणी असे अनेक उपक्रम विनामूल्य आहेत. सूचना बहुतांशी इंग्रजीत असतात. त्या तुम्ही फळ्यावर मराठीत उतरवून द्या. चित्र पाहून मुलांनी आधी आपसांत वाद घालावा, कारण सांगावे, मगच उत्तर नोंदवावे. नुसती बोटे चालली आणि डोके थांबले, तर तो निव्वळ वेळेचा अपव्यय. आणि एखादी पोर मध्येच म्हणाली, "गुरुजी, हे यांतले काहीच दिसत नाही," तर तिला गप्प करू नका. तिच्याजवळ जाऊन बसा आणि तुम्हीही नीट बघा.