आपल्या संकेतस्थळाच्या दारात कोणाला अडवायचे?

दाभडच्या बावरीनगर महाविहारातील धम्म परिषद जवळ आली, १४ एप्रिलच्या मिरवणुकीची वेळ ठरली किंवा स्वाधार योजनेचे अर्ज सुटले, की नांदेड-लातूरची मुले आधी मोबाइलवर शोधतात. ही माहिती देणारी आपली संकेतस्थळे वर्गणीवर आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चालतात. नेमकी गरजेच्या दिवशी ती उघडत नाहीत. मग लगेच बोलले जाते, ‘कोणीतरी हॅक केले’. सर्व्हरचा लॉग उघडला, तर अनेकदा निराळेच चित्र दिसते. माणसे थोडी आणि बॉट फार.

बॉट म्हणजे आपोआप पाने उघडणारा प्रोग्राम. सगळे बॉट वाईट नसतात. गुगलबॉट आला नाही तर आपला लेख शोधात दिसणार नाही. पण काही बॉट जाहिरात-बाजारासाठी दुवे मोजतात, काही कमकुवत पासवर्ड शोधतात, तर काही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की, त्यांच्या सर्व्हरवर सर्वाधिक भार टाकणाऱ्या वाहतुकीपैकी किमान ६५ टक्के वाहतूक बॉटची आहे. एकूण पाने पाहण्यात मात्र बॉटचा वाटा सुमारे ३५ टक्केच आहे. कारण माणसे चालू विषयाची ठरावीक पाने वाचतात, तर बॉट जुनी, कोणी न वाचणारी पानेही एकापाठोपाठ उघडतो. ती पाने कॅशमध्ये तयार नसतात. सर्व्हरला ती दर वेळी नव्याने तयार करावी लागतात. एवढ्या मोठ्या संस्थेला हे जड जाते, तर आपल्या वर्गणीच्या होस्टिंगचे काय होणार?

पहिला उपाय रोबोट्स.टीएक्सटी ही फाइल. कोणत्या बॉटने कुठे जाऊ नये, हे त्यात लिहितात. ही पद्धत १९९४ पासून आहे आणि २०२२ मध्ये तिला अधिकृत इंटरनेट मानकाचे रूप मिळाले. पण ती दारावरची पाटी आहे. सभ्य बॉट पाटी वाचून परत जातो, उद्धट बॉट तिच्याकडे बघतही नाही. त्याच्यासाठी दारात माणूस उभा करावा लागतो. तो म्हणजे सर्व्हरचा रीराइट नियम.

अपाचे या सर्व्हरमध्ये मॉड-रीराइट नावाचा भाग असतो. राल्फ एंगेलशाल यांनी तो १९९६ मध्ये लिहिला. नियम डॉट-एचटीअ‍ॅक्सेस या फाइलमध्ये लिहितात. लाइटस्पीड सर्व्हरही ही फाइल वाचतो, एन्जिनएक्स वाचत नाही. म्हणून आपला सर्व्हर कोणता आहे, हे होस्टिंगवाल्याला आधी विचारा.

नियमाचे तीन भाग असतात. पहिली ओळ रीराइट इंजिन सुरू करते. दुसरी ओळ अट घालते. प्रत्येक पाहुणा येताना आपले नाव सांगतो, त्याला युजर-एजंट म्हणतात. त्या नावात आपल्या यादीतला शब्द आहे का, हे ही ओळ तपासते. यादीतली नावे उभ्या रेघेने वेगळी करतात आणि ओळीच्या शेवटी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न करण्याची खूण देतात. तिसरी ओळ सांगते की अट जुळली तर कोणतेही पान देऊ नका, ‘४०३, मनाई’ एवढेच उत्तर द्या. वर्डप्रेस जागे होण्याआधी, डेटाबेसला हात लागण्याआधीच विनंती दारातून परत जाते. बचत होते ती इथे.

हे करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. बदलाआधी फाइलची प्रत ठेवा. एक अक्षर चुकले तरी संपूर्ण संकेतस्थळ ‘५००’ दाखवून बंद पडू शकते.

२. वर्डप्रेसने स्वतः लिहिलेल्या ओळींच्या वर, त्यांच्या खुणांच्या बाहेर आपला नियम लिहा. आतले लिखाण वर्डप्रेस पुसून टाकू शकते.

३. यादीच्या शेवटी उभी रेघ मोकळी सोडू नका. रेघेनंतर काहीच नसेल तर अट सगळ्यांना जुळते आणि आपल्याच वाचकांना मनाई होते.

४. नुसता ‘बॉट’ हा शब्द यादीत टाकू नका. त्यात गुगलबॉटही अडकेल. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक दुव्याचे चित्र व मथळा आणण्यासाठी जे प्रोग्राम पाठवतात, तेही अडवू नका. आपला निम्मा प्रचार त्या चित्रावरच चालतो.

५. रोबोट्स.टीएक्सटीला या नियमातून वगळा. पाटीच वाचू दिली नाही, तर ती पाळणार कशी?

६. आयपी पत्त्यांचे मोठे गट बंद करू नका. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. बॉटबरोबर उदगीरचा विद्यार्थीही बाहेर राहील.

या नियमाची मर्यादाही ओळखून असावे. युजर-एजंट हे पाहुण्याने स्वतः सांगितलेले नाव आहे. लबाड बॉट क्रोम ब्राउझरचे नाव सांगून आत येतो. त्याच्यासाठी होस्टिंगवाल्याकडून विनंत्यांच्या वेगावर मर्यादा घालून घ्यावी लागते.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, ‘ज्ञान सर्वांसाठी खुले असावे असे म्हणणाऱ्या आपण दार का लावायचे?’ प्रश्न रास्त आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. तिथे माणसाला जन्मावरून अडवले जात होते. इथे आपण यंत्राला त्याच्या वागणुकीवरून अडवतो, आणि तेही माणसाला वाट मिळावी म्हणून. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा आठवा. साठा मोजका असताना एकाने सगळ्या घागरी भरल्या, तर रांगेतल्या बाईला काय मिळणार? दार खुले ठेवायचे तर रांगेला शिस्त लागतेच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बॉटचा प्रश्न मात्र नुसत्या भाराचा नाही. ओपनएआयचा जीपीटीबॉट २०२३ मध्ये जाहीर झाला. कॉमन क्रॉलचा सीसीबॉट त्याच्या आधीपासून आहे. त्यांना अडवले तर आपल्या लेखकांचे लिखाण न विचारता उचलले जाण्याला थोडा आळा बसतो. पण चळवळीचे सगळे मराठी लिखाण बंद ठेवले, तर उद्या ही यंत्रे बाबासाहेबांविषयी आणि धम्माविषयी इतरांनी लिहिलेलेच सांगतील. आमचे मत असे की भार टाकणारे आणि पाटी न पाळणारे बॉट अडवावेत, शोधाचे आणि इंटरनेट अर्काइव्हसारखे जतन करणारे बॉट येऊ द्यावेत, आणि प्रशिक्षणाच्या बॉटविषयी लेखकांना विचारून बैठकीत ठरवावे. ठरलेले लिहून ठेवावे.

आणखी एक. बहुतेक संस्थांत होस्टिंगचा पासवर्ड एकाच मुलाकडे असतो. तो नोकरीला पुण्याला गेला की दाराची किल्लीही जाते. म्हणून प्रत्येक विहार समितीने, प्रत्येक युवक मंडळाने किमान दोन मुली आणि दोन मुलांना लॉग वाचायला आणि हे नियम लिहायला शिकवावे. मूकनायकापासून आपण स्वतःची पत्रे स्वतः चालवत आलो आहोत. आता सर्व्हरही स्वतः सांभाळायला शिकू या.

जय भीम.