आयाबाईची टोपली

जुन्या गोव्याचं बॉम जीझस चर्च आपल्यापैकी अनेकींनी सहलीत पाहिलं असेल. पुढच्या वेळी गेलात तर मैत्रिणींनो, मुख्य वेदीसमोर जरा निवांत थांबा. सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूडकाम, पीळ दिलेले खांब आणि वेलबुट्टी! सतराव्या शतकात युरोपात बहरलेली ही भरजरी बरोक शैली पोर्तुगीजांबरोबर इथे आली.

या शैलीतलं एक लाडकं पान म्हणजे अकँथस. कातरलेल्या कडांचं, टोकाशी वळलेलं. बरोक कलावंतांनी ते प्राचीन ग्रीक-रोमन इमारतींवरून घेतलं. आपली अबोली आणि अडुळसा याच झाडाच्या कुळातले बरं का!

या पानाची गोष्ट रोमन लेखक विट्रुवियसने सांगितली आहे. कॉरिंथ गावात एक उपवर मुलगी आजारपणात गेली. तिला सांभाळणाऱ्या आयाबाईने पोरीच्या आवडत्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या, वर कौल झाकलं. टोपलीखाली अकँथसचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीभोवती चढली आणि कौलाला अडून बाहेर वळली. कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिलं आणि खांबाच्या माथ्यावर कोरलं. तोच कॉरिंथियन खांब.

गोष्ट खरी की दंतकथा, ते असो. मला खटकतं ते वेगळंच. शिल्पकाराचं नाव राहिलं, आयाबाईचं नाही!

गोव्यातही तेच. चर्चमधलं कितीतरी कोरीवकाम स्थानिक कारागिरांच्या हातचं. काही ठिकाणी तर प्रवचनाच्या लाकडी सज्जाखाली चक्क नागकन्या दिसतात. पण ती कोरणाऱ्यांची नावं आपल्याला कुठे ठाऊक आहेत? आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ अजिंठ्याच्या छतांवर कमळवेली आहेत, पैठणीच्या काठावर आसावली आहे. ते हातही बहुतेक निनावीच.

आमच्या शिवणवर्गातल्या बायका सुंदर वेल काढतात. कौतुक केलं की म्हणतात, "ताई, यात काय एवढं? आई काढायची, तेच काढलं." अगं, म्हणूनच तर मोलाचं! नक्षी हातातून हातात जाते, नाव मात्र वाटेत गळून पडतं.

म्हणून आम्ही वर्गात एक वही केली आहे. प्रत्येक नक्षीखाली ती कुणाकडून आली ते लिहायचं. आई, आजी, सासूबाई, शेजारीण, जी असेल ती, पूर्ण नावानिशी. तुमच्याही रांगोळीच्या वहीत एवढं कराच.