अर्ध्याचा अर्धा : अपूर्णांकांचा गुणाकार डोळ्यांनी पाहताना

शाळेच्या स्मरणिकेत गणितावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. निकालाचे आकडे सर्वांपर्यंत पोहोचतात. परंतु वर्गात एखादी संकल्पना मुलाच्या मनात कशी रुजते, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना सांगण्याचा योग क्वचितच येतो. म्हणून आम्ही गणित शिकविणाऱ्यांनी एकच लहानसा घटक निवडला आहे : अपूर्णांकांचा गुणाकार.

हा घटक वरवर पाहता अगदी सोपा आहे. अंशाला अंशाने गुणावे, छेदाला छेदाने गुणावे, उत्तर तयार. बेरजेप्रमाणे छेद समान करण्याची खटपट येथे नाही. मुले दोन दिवसांत नियम पाठ करतात. अडचण पुढे येते. महिनाभराने तीच मुले बेरीज करतानाही अंशात अंश आणि छेदात छेद मिळवू लागतात. एखादा धीट विद्यार्थी विचारतो, "८ ला १/२ ने गुणले तर ४ कसे? गुणाकाराने संख्या वाढते ना?" जे विचारत नाहीत, ते मनाशी ठरवून टाकतात की गणित आपल्यासाठी नाही. ज्या घरांतून शाळेची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, तेथील मुलाने असा निष्कर्ष काढावा, ही आमच्या दृष्टीने फार मोठी हानी होय.

म्हणून आम्ही नियम शेवटी सांगतो. आरंभ भाषेपासून करतो. ८ ची तिप्पट २४, तशी ८ ची निमपट ४. 'पट' हा शब्द दोन्हीकडे आहे; मात्र पट एकापेक्षा लहान झाली की उत्तरही मूळ संख्येपेक्षा लहान होते. अर्ध्या भाकरीची अर्धी म्हणजे चतकोर, हे मुलाला भोजनगृहात ठाऊकच असते. वहीत ते १/२ × १/२ = १/४ असे लिहितात, एवढेच त्याला नव्याने कळते.

त्यानंतर हातात कोरा कागद येतो. ३/४ चे २/३ काढावयाचे आहेत. संपूर्ण कागद म्हणजे १. उभ्या घड्या घालून त्याचे चार समान पट्टे करावयाचे व तीन पट्टे पिवळे रंगवावयाचे. मग तोच कागद आडवा, तीन समान भागांत दुमडावयाचा आणि त्यांपैकी दोन आडव्या पट्ट्यांवर निळ्या रेषा ओढावयाच्या. कागद उलगडला की १२ घरे दिसतात. पिवळा रंग आणि निळ्या रेषा दोन्ही असलेली घरे ६. उत्तर ६/१२, म्हणजेच १/२. छेदांचा गुणाकार का करावयाचा? कारण चार उभे व तीन आडवे भाग मिळून कागदाची १२ घरे होतात. अंशांचा का? कारण तीन उभ्या व दोन आडव्या पट्ट्यांच्या छेदनात ६ घरे येतात. असे चार-पाच कागद झाले की नियम मुलेच सांगतात.

येथे एक चूक हमखास होते. काही मुले आडव्या रेषा केवळ पिवळ्या भागावर ओढतात, ९ घरे मोजतात आणि ६/९ असे उत्तर देतात. आम्ही ते लगेच खोडत नाही. "हे कशाचे ६/९?" एवढेच विचारतो. पिवळ्या भागाचे, असे उत्तर आले की उलगडा होतो. आपल्याला वाटा हवा आहे तो संपूर्ण कागदाचा. 'कशाचा वाटा?' हा प्रश्न अपूर्णांकांचा प्राण आहे.

मिश्र अपूर्णांकांतही चित्र असेच साहाय्य करते. दीड गुणिले अडीच विचारले की पुष्कळ मुले १ × २ = २ व १/२ × १/२ = १/४ करून सव्वादोन म्हणतात. दीड रुंद व अडीच लांब असा आयत काढून त्याचे चार तुकडे केले, की २, १/२, १ आणि १/४ असे चारही भाग समोर येतात. बेरीज पावणेचार. विसरलेले दोन तुकडे मुलाला स्वतःलाच दिसतात. त्याला कोणी रागावण्याची आवश्यकता उरत नाही.

पूर्वीच्या गावठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना त्या शाळांची दारे बंद होती. पाठांतराला आम्ही कमी लेखत नाही. छेद मोठे झाले की घड्या घालता येत नाहीत. तेथे पाढे व नियमच कामी येतात. परंतु ज्याचे कारण समजले आहे, ते विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

एका पालकसभेत आम्ही विचारले, अर्ध्या एकराचा पाऊण हिस्सा किती? वाट्याने शेती करणाऱ्या एका मातेने मागच्या रांगेतून क्षणात सांगितले, "पंधरा गुंठे." आम्ही फळ्यावर आयत काढला : १/२ × ३/४ = ३/८, आणि ४० गुंठ्यांचे ३/८ म्हणजे १५. तिच्या मुलीने त्या दिवशी आईकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरलेलो नाही.

पालकहो, सुट्टीत मूल घरी आले की त्याला नियम विचारू नका. भाकरी मोडताना, दूध मापताना, शेताचे वाटे सांगताना एवढेच विचारा : "हा कशाचा वाटा?" पुढचे ते तुम्हांला कागदावर काढून दाखवील.