आहेरात पुस्तक द्या, तेही नवरदेवाच्या हाती!

आपल्या समाजाचे मंगल परिणय आता थाटामाटात होऊ लागले आहेत. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागतात, त्रिसरण-पंचशील होते आणि मग आहेराची रांग लागते. मिक्सर, भिंतीवरची घड्याळे, पाकिटे. पाकिटाला आमचा विरोध नाही. संसार पैशानेच उभा राहतो. पण त्या पाकिटासोबत एक पुस्तक द्यायला काय हरकत आहे?

पुस्तक भेट देणे ही आपल्याकडे नवी रीत नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी विद्यार्थी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. त्याच पुस्तकाच्या मदतीने आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात काय घडले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एका भेटीची किंमत अशी असते!

आम्ही लग्नात बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' देतो. पुरंदर तालुक्यातील वीरगावच्या महारवाड्याची ही कहाणी. उपासमार आहे, मेलेल्या जनावराचे मांस आहे, पोतराज आणि अंगात येणे आहे. बाबासाहेबांचे जेजुरीतील भाषण ऐकून मुलांना शाळेत धाडण्याचा ध्यास घेणाऱ्या आयाही आहेत. नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. ताईंनी एकटीचे रडगाणे गायले नाही, अख्ख्या वस्तीचे जिणे मांडले.

परंतु आम्ही हे पुस्तक नवरीच्या नव्हे, नवरदेवाच्या हाती देतो. त्याला कारण आहे. मनुवादी व्यवस्थेने आपल्याला कसे छळले, हे या पुस्तकात आहेच. पण त्याच महारवाड्यात कोवळ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा कोणी अडकवला? संशयावरून तिचे नाक कोणी कापले? ते हात आपल्याच माणसांचे होते. ताईंनी हे लपवले नाही. लपवाव्या लागल्या त्या त्यांच्या वह्या! फलटणला किराणा दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहीत आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेआड ठेवत. वर्षानुवर्षे हे चालले. पुढे मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लिखाण 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. चळवळीतल्या बाईला आपली वही घरातच लपवावी लागते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारणार की नाही?

एका लग्नात वराच्या काकांनी आम्हाला टोकले. म्हणाले, "साहेब, जयभीम! पण शुभकार्यात असली दुःखाची पुस्तकं कशाला? ते दिवस गेले आता." आम्ही एवढेच म्हणालो, "काका, खोडा गेला, मान्य. पण नव्या सुनेचा पगार कोणाच्या हातात राहणार, तिने पुढे शिकायचे की नाही, हे आजही कोण ठरवतो?" काका काही बोलले नाहीत. जेवताना मात्र आमच्या शेजारी येऊन बसले आणि आणखी एक प्रत कुठे मिळेल, ते विचारून गेले.

बेबीताई २०१२ साली गेल्या. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ पासून उपलब्ध आहे, तेव्हा भाषेची सबब नको. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाल, तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर दोन प्रती मागा. एक स्वतःच्या घरात ठेवा. दुसरी पुढच्या लग्नासाठी जपून ठेवा आणि पहिल्या पानावर वधू-वर दोघांचीही नावे लिहा, वधूचे आधी.