विहारातल्या कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?

वर्गणी काढून विहारात, अभ्यासिकेत, पुतळ्याजवळ सीसीटीव्ही बसवले जातात. कॅमेरे किती, चित्र किती स्पष्ट, एवढे आपण विचारतो. पासवर्ड कोणाकडे, हे विचारायचे बहुधा राहून जाते. रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुली आणि बैठकीला येणारे कार्यकर्ते त्याच कॅमेऱ्यासमोर असतात. म्हणून हा प्रश्न तांत्रिक आहे तितकाच सामाजिकही आहे.

कॅमेऱ्याच्या आत एक छोटा संगणक असतो. तो इंटरनेटला जोडला की आपण मोबाईलवर चित्र पाहतो. कुलूप कच्चे असेल तर परकाही पाहू शकतो. अनेक उपकरणे कारखान्यातून एकाच ठरावीक पासवर्डसह बाहेर पडत आली आहेत आणि बसवणारा तो बदलत नाही.

याचा परिणाम जगाने २०१६ मध्ये पाहिला. 'मिराई' नावाचा घातक प्रोग्राम असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटरमध्ये घुसत होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ताब्यात घेतलेल्या अशा उपकरणांतून 'डिन' या अमेरिकन कंपनीवर मारा झाला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या.

त्यानंतर सरकारे हळूहळू जागी झाली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच सोपा पासवर्ड असलेली उपकरणे विकता येत नाहीत. सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हेही कंपनीला सांगावे लागते. युरोपीय संघाचा सायबर लवचिकता कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. भारतात केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या आदेशाने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आणि एप्रिल २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पासवर्ड, माहितीचे एन्क्रिप्शन, अपडेट, छेडछाडीपासून संरक्षण या गोष्टी त्यात तपासल्या जातात.

पण हे नियम कंपनी आणि विक्रेत्याला बांधतात. आपल्या भिंतीवर आधीच लागलेला कॅमेरा कोणी तपासायला येणार नाही. ती जबाबदारी कमिटीची, म्हणजे आपलीच आहे. आम्ही पुढील गोष्टी सुचवतो:

१. मूळ पासवर्ड आजच बदला. नवा पासवर्ड लांब ठेवा आणि फक्त दोघा जबाबदार व्यक्तींकडे द्या. त्यात एक महिला असावी.

२. बसवणाऱ्याच्या मोबाईलवरचा प्रवेश बंद करा. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदला.

३. अपडेट येते का, हे विक्रेत्याला विचारा. येत नसेल आणि मोबाईलवर पाहण्याची गरज नसेल, तर कॅमेरा इंटरनेटपासून तोडा. डीव्हीआरवर चित्रण होतच राहते.

४. नवीन घेताना स्वस्ताईला भुलू नका. बिल घ्या, उपकरणावरचा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर तपासा आणि सुरक्षा चाचणीचे प्रमाणपत्र मागा.

५. कॅमेरा दार आणि आवाराकडे असू द्या. कपडे बदलण्याच्या किंवा झोपण्याच्या जागेकडे नको. 'येथे चित्रण होते' अशी पाटी लावा आणि चित्रण किती दिवस ठेवायचे, याचा ठराव करा.

संगणक शिकलेली मुले-मुली आज प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी एका रविवारी आपल्या विहारातले सगळे कॅमेरे तपासून कमिटीपुढे यादी ठेवावी. ज्या कॅमेऱ्याची किल्ली आपल्याकडे नाही, तो आपले रक्षण करतो असे म्हणता येणार नाही.