आधी सूर, मग तार, मग गिटार

साखऱ्याला बहिणीकडे गेलो तेव्हा गावात सप्ताह चालू होता. साखरा हे सेनगाव तालुक्यातलं गाव. संत नामदेवांची नर्सी याच हिंगोली जिल्ह्यातली, त्यामुळे इथे वीणेचा मान मोठा. सप्ताह उठेपर्यंत ती भुईला टेकवायची नाही. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. त्या रात्री पहारा भाच्याच्या आजोबांचा, आबांचा, होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांची तर्जनी तारांवरून सारखी फिरत होती, नखाने नव्हे, बोटाच्या मऊ कडेने. डोळे मिटलेले, आणि आवाज तारेपासून तसूभरही हलत नव्हता.

सकाळी भाच्याने आपली नवी गिटार पुढे ठेवली. बारावीचा पोरगा, मोबाइलवर बघून बघून बोटांनी वाजवायला शिकलेला. अंगठ्याने खालच्या सुरांचा ठेका आणि बाकी बोटांनी चाल. गवळण छान काढली त्याने. मग म्हणाला, "मामा, आबाच्या सुरात ही बसंना गेलीय. खाली उतरवली की तारा खडखड करतेत."

आबा बाजाच्या पेटीवरच्या काळी एकमध्ये गातात. गिटारची सगळ्यात खालची तार नेहमीच्या जुळणीत पांढरी तीनला लावलेली असते, म्हणजे आबांच्या खालच्या षड्जाच्याही तीन पट्ट्या वर. कॅपो, म्हणजे मानेवर बसवायचा चिमटा, लावून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून पोराने खुंट्या सैल केल्या होत्या, आणि सैल तार पडद्यांवर आपटत होती. गिटारमध्ये खोट काही नव्हती. खरेदीचा क्रम उलटा झाला होता. आपण आधी गिटार पसंत करतो, तिच्यावर असतील त्या तारा मुकाट्याने वाजवतो आणि गाणाऱ्याचा सूर सगळ्यात शेवटी विचारतो.

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न सुराचा असतो. गाणारी बाई की पुरुष, कोणत्या पट्टीत गाता, यावर भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी ठरते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि तो धंदा आजही चालू आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या कारागिरांची रीत गिटारला जशीच्या तशी लागू पडते, कारण तारेचं शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. तार लांब किंवा जड केली की सूर उतरतो, ताणली की चढतो. यातली मेख अशी की सूर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. उलट बाजूने पाहा. तीनच पट्ट्या खाली आलात तरी तारेवरचा ताण २९ टक्क्यांनी घटतो.

आता भाच्याची गिटार घेऊ. तिच्यावर दुकानदाराने 'दहाचा' संच चढवला होता. दहा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी इंचाच्या हजारांश भागात, साधारण पाव मिलीमीटर. नव्या माणसाची बोटं दुखू नयेत म्हणून हा संच देतात आणि त्यामागचा हेतू चांगलाच असतो. ६४८ मिलीमीटर लांबीच्या गिटारवर ही तार तिच्या नेहमीच्या सुरात सुमारे साडेसात किलोने ताणलेली असते. बाराच्या संचातली तीच तार सुमारे साडेदहा किलोने. दहाची तार तीन पट्ट्या उतरवली की उरतो जेमतेम सव्वापाच किलो ताण, म्हणून ती खडखडते. बाराची तार तेवढीच उतरवली तर? पुन्हा साडेसात किलो. बोटाला दहाच्या संचाचा मऊपणा, कानाला आबांची काळी एक. हा हिशोब वहीच्या पाठीमागे मांडला तेव्हा भाचा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला.

यावरून आणखी एक गोष्ट निघते, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. नवशिक्यांना आखूड लांबीची, ६२८-६३० मिलीमीटरची गिटार सुचवतात, कारण तिच्यावर ताण सहा टक्क्यांनी कमी असतो. घरातली आई किंवा बहीण पांढरी पाचमध्ये ओव्या म्हणत असेल आणि कॅपो लावून वाजवायचं असेल, तर अकराचा संच आणि आखूड गिटार हीच जोडी उत्तम. पण आबांसारखा खर्जातला गळा असेल तर आखूड गिटार घेऊ नका. तिथे लांबी आपल्या उपयोगाची आहे.

जुळणीबद्दलही सांगायला हवं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम हा इंग्लंडचा लोकसंगीतवाला मोरोक्कोत ऊद हे तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या साथीला बसला आणि त्यांच्याशी जुळावं म्हणून त्याने गिटारच्या तीन तारा उतरवल्या. खालून वर ते सूर झाले डी, ए, डी, जी, ए, डी. इंग्रजी अक्षरं बाजूला ठेवून सरगम लावा: सा, प, सा, म, प, सा. सहा तारांचा तंबोराच म्हणा ना! षड्ज पांढरी दोनवर. आणखी एक पट्टी खाली घेतली की काळी एक. मधल्या मध्यमाची तार एक पट्टी उतरवली की तिथे गंधार येतो. ज्या पोराचे कान हरिपाठात तयार झाले, त्याला ही जुळणी शिकवावी लागत नाही. ओळख पटते.

तारांच्या धातूबद्दल बाजारात फार गोंधळ आहे. पाकिटावर '८०-२० ब्राँझ' लिहिलेलं असतं. आत ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे आपलं पितळ. 'फॉस्फर ब्राँझ'मध्ये तांब्यात थोडं कथील आणि नावापुरता फॉस्फरस, म्हणजे जवळपास कासं. गाभा दोन्हीकडे पोलादाचाच. वरचं वेटोळं पितळेचं की काशाचं एवढाच फरक. पितळी तार नवी असताना झगझगीत वाजते आणि घामाने लवकर काळवंडते, परसातला पितळी हंडा चिंच-राखेवाचून काळवंडतो तशी. काशाची तार सुरुवातीला थोडी शांत, पण तिचा गोडवा जास्त दिवस टिकतो. भांड्याला कल्हई असावी तसा प्लॅस्टिकचा अतिपातळ थर दिलेल्या तारा मिळतात. महाग असल्या तरी घामेजल्या हातांना परवडतात. बोटांनी वाजवणाऱ्याने, तेही अभंग-ओवीसाठी, फॉस्फर ब्राँझ घ्यावी असं माझं मत आहे. वाजवून झाल्यावर जुन्या धोतराच्या तुकड्याने प्रत्येक तार खालूनवरून पुसली तर संचाचं आयुष्य सहज वाढतं.

नायलॉनच्या तारांची गिटार हा वेगळा प्राणी आहे. पूर्वी तिला आतड्याची तात असायची, आपल्या चौंडक्याला असते तशी. दुसऱ्या महायुद्धात तातेचा तुटवडा पडला आणि १९४०च्या दशकात नायलॉन आलं. नायलॉनच्या सहाही तारा मिळून साधारण ४० किलो ओढतात. बाराचा पोलादी संच ७०-७५ किलो. नायलॉनच्या गिटारची तबली, म्हणजे पुढची फळी, त्या बेताने पातळ आणि हलकी केलेली असते. माझी पहिली गिटार अशीच गेली. एका दुकानात 'आवाज मोठा येईल' म्हणून तिच्यावर पोलादी तारा चढवून मिळाल्या. तिसऱ्या आठवड्यात घोडीच्या मागे केसाएवढी फट दिसली, आणि एका दुपारी घोडी तबलीचा पापुद्रा घेऊन उखडली. त्या उघड्या पडलेल्या लाकडाचा पांढरट रंग मला अजून आठवतो. तुमच्या गिटारच्या तारा नायलॉनच्या असतील तर नायलॉनच्याच ठेवा.

अंगाचा आकार ठरवताना गर्दीच्या मागे जाऊ नका. दुकानात सर्वाधिक दिसणारी रुंद कमरेची 'ड्रेडनॉट' ही १९१६ साली मार्टिन कंपनीने अमेरिकेतल्या एका दुकानासाठी पहिल्यांदा केली. मोठा, घुमणारा आवाज हे तिचं वैशिष्ट्य, आणि सगळ्या तारा एकदम झोडायच्या असतील तर ती हवीच. बोटांनी वाजवताना मात्र एकेक तार सुटी ऐकू यायला लागते, त्यासाठी कमरेत बारीक, लहान अंगाची गिटार बरी. मानेची रुंदी वरच्या टोकाला ४४-४५ मिलीमीटर असावी. ४३वर जाड बोटांची दाटी होते.

लाकडाचं म्हणाल तर पाठीला आणि कडांना जगभर वाखाणलं जाणारं लाकूड आपल्याच देशातलं आहे. ब्राझीलचं रोजवूड दुर्मीळ झालं तेव्हा, १९६९च्या सुमारास, मार्टिन कंपनीने भारतीय रोजवूड घेतलं. आपल्याकडे देवघराचे चौरंग-पाट ज्याचे करतात तेच हे शिसव. आवाज मात्र मुख्यतः तबलीतून येतो. एकट्या तारेने हवा फारशी हलत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला. म्हणून पैसे कमी असतील तर तबली अखंड लाकडाची आणि बाकी अंग प्लायचं घ्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर, म्हणजे उपस्वर, आपोआप उमटतात. पाचपटीचा सूर हा गंधार. तंबोऱ्यात कोणी न लावता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. जुना नियम असा की तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही. तारेच्या पाचव्या हिश्श्यावर छेडलं की गंधार जवळजवळ मुका होतो. ६४८ मिलीमीटरचा पाचवा हिस्सा म्हणजे घोडीपासून १३ सेंटीमीटर. गिटार हातात घेऊन मोजा: ही जागा मधल्या गोल भोकावर येते, जिथे बहुतेकांचा हात सवयीने पडतो! हात घोडीकडे सरकवून सहा-सात सेंटीमीटरवर आणा, गंधार लखलखीत होतो. कॅपो पाचव्या पडद्यावर लावला तर तार पाऊण लांबीची होते आणि गंधार मुका करणारी जागाही तीन-एक सेंटीमीटर घोडीकडे सरकते.

तंबोरा या नियमातून सुटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या नियतकालिकात भारतीय तंतुवाद्यांवर टिपण लिहून हे दाखवलं. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार. कंप पावताना तार तिच्यावर लोळत राहते, टेकण्याची जागा क्षणाक्षणाला बदलते, आणि नियमाप्रमाणे मुके राहायला हवेत ते उपस्वरही बोलू लागतात. जवारी काढणारा कारागीर कानस आणि दोऱ्याने हेच साधत असतो. गिटारच्या घोडीवरचं हाड अरुंद, तार एका रेघेवर टेकलेली. तिथे जवारी नाही. गिटारवाल्याची जवारी त्याच्या उजव्या हाताच्या जागेत आहे. बोटाचा मऊ भाग तीव्र उपस्वर दाबतो, नख ते उघडे करतं. त्या रात्री आबा बोटाच्या कडेने का छेडत होते, याचं उत्तर मला इथे मिळालं: धार काढण्याचं काम घोडीच करत होती, बोटाने ते करायची गरजच नव्हती.

शेवटी मराठवाड्याची हवा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती २५च्याही खाली उतरते आणि श्रावणात ८०च्या वर जाते. कोरड्यात लाकूड आकसतं: तबली बसते, तारा खाली येऊन पडद्यांना घासतात, आणि मानेवरून हात फिरवला तर पडद्यांची टोकं बोटाला टोचतात. ती टोचणी म्हणजे गिटार पाणी मागते आहे. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली अखंड लाकडाची गिटार एका उन्हाळ्यात तडकू शकते. पेटीत ठेवा आणि सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज. माठ जसा झिरपतो तसा तो आतली हवा ओलसर ठेवतो. पेटी घेणं शक्यच नसेल तर पूर्ण प्लायची गिटार घ्या. आवाजात थोडं कमी, पण उन्हाळा सोसणारी. उन्हाने सूरही उतरतो. बारीक तार जुळवताना चार-पाच मिलीमीटर ताणली गेलेली असते. पंधरा अंशांनी तापली की पोलाद प्रसरण पावतं आणि सूर पट्टीच्या पाचव्या भागाने उतरतो. देवळातून मांडवात गेलात की पुन्हा जुळवा.

दुकानात जाताना तीन एटीएम कार्डं आणि गाणारं माणूस बरोबर न्या. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली तीन कार्डं सरकली पाहिजेत, बारीक तारेखाली दोन. गाणाऱ्याला गाऊ द्या, त्याची पट्टी बाजाच्या पेटीवर शोधा, मग संच सांगा, मग गिटार निवडा. आणि उन्हाळ्यात घेतलीत तर आषाढात कार्डं पुन्हा सरकवून बघा: तबली फुगून तिथे चौथं कार्ड मावत असेल, तर घोडीवरचं हाड थोडं घासून घ्यावं लागेल.